उझुमाकी वाचलं. अर्ध्यात घाबरलो, अर्ध्यात हसलो. माझं काही चुकलं का?

खामल्याचा बाप

नमस्कार मंडळी. इथले बहुतेक जण माझ्या निम्म्या वयाचे असतील, सांभाळून घ्या.

माझी पोट्टी बारावी देऊन निकालाची वाट बघून राहिली आहे. दिवसभर मोबाईलवर कुठल्या कुठल्या कॉलेजांची माहिती काढते आणि उरलेला वेळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा वाचते. वाढदिवसाला ड्रेस नको, घड्याळ नको, जुंजी इतोचं 'उझुमाकी' पाहिजे म्हणाली. मागवलं. इंग्रजी, जाड पुठ्ठ्याचं, तिन्ही भाग एकत्र. सहाशेच्या वर पानं, वजनाला पोळपाट. वाढदिवसाला चार दिवस होते, म्हणून म्हटलं आधी आपण चाळून बघू, आणि दोन रात्री हॉलमध्ये कूलरसमोर बसून मीच वाचून काढलं.

पहिल्या रात्री उलट्या बाजूने उघडलं. हे उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं हे मला कोण सांगणार? गोष्ट संपल्यानंतर शेवटी जोडलेलं आकाशगंगेचं एक सुटं प्रकरण आहे, तेच मी सुरुवात समजून मागून पुढे वाचलं. काही कळलं नाही. वाटलं जपानी लोकांचं असंच असेल.

मग सरळ वाचलं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: कुरोझु-चो नावाचं समुद्राकाठचं छोटं गाव. तिथल्या किरिए नावाच्या शाळकरी मुलीच्या तोंडून सगळी गोष्ट. गावाला शाप आहे, पण भुताचा नाही, डायनीचा नाही. वेटोळ्याचा. उझुमाकी म्हणजेच वेटोळं. गोगलगायीचं कवच, पाण्यातला भोवरा, धुराची वलयं, जिथे म्हणून गोल गोल आत जाणारा आकार आहे तिथे हे गाव खचत जातं. किरिएच्या मित्राचे, शुइचीचे वडील वेटोळ्यांच्या नादी लागतात. वस्तू जमवतात, तासन् तास बघत बसतात. शेवटी मोठ्या गोल लाकडी टबात स्वतःच्या शरीराचंच वेटोळं करून घेतात. आईचं उलट. तिला वेटोळ्याची इतकी दहशत बसते की ती डोक्याचे केस काढते, बोटांवरचे ठसे कापून टाकते. आणि कानाच्या आतही शंखासारखं एक वेटोळं असतं हे तिला कळू नये म्हणून पोरगा दवाखान्याच्या भिंतीवरचं चित्र फाडतो.

इथे मी पुस्तक मिटलं. रात्रीचे दोन वाजले होते. कानात बोट घालून बसलो होतो, हे नंतर लक्षात आलं.

दुसऱ्या रात्री मात्र वेगळंच. एक पोरगा गाडीखाली येऊन मरतो आणि त्याच्या मढ्यात गाडीची स्प्रिंग अडकलेली असल्यामुळे ते टुणटुण उड्या मारत किरिएच्या मागे लागतं. मी इतक्या जोरात हसलो की बायको उठून आली. पुढे एक वादळ चक्क किरिएच्या प्रेमात पडतं आणि तिला हाका मारत गावावर घिरट्या घालतं. आता यावर काय बोलायचं?

मुलगी म्हणते जगातली सगळ्यात भारी भयकथा. मला अर्धं भारी वाटलं, अर्धं पोरखेळ. जाणकारांनी सांगावं: यात नेमकं दमदार काय, कच्चं काय? आणि अठरा पूर्ण होणाऱ्या मुलीला देऊ की नको?

---

इतवारीचा

भाऊ, अठराव्या वर्षी देऊ का विचारून राहिले? तिनं ते फोनवर केव्हाच वाचलं असेल. पुस्तक कपाटात ठेवायला पाहिजे तिला.

माझी तक्रार दुसरी आहे. आपल्याकडे नागपुरात तान्ह्या पोळ्याला मारबतीचे पुतळे निघतात. काळी, पिवळी, मागे बडगे. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत सगळं शहर ओरडतं आणि गावाची घाण गावाबाहेर नेऊन जाळून टाकतं. लहानपणी मला काळ्या मारबतीची भीती वाटायची, पण संध्याकाळी ती जळली की मोकळं वाटायचं. या कुरोझु-चोमध्ये शापाला उतारा करणारा एक माणूस भेटत नाही. सहाशे पानं नुसतं सहन करणं. अरे बाप्पा, काहीतरी करा नं! कोणी निदान गोष्टीची पाळंमुळं शोधायला तरी निघावं. मला तरी हा लेखकाचा आळस वाटला.

---

मेणाचा दात

मेडिकल चौकाजवळच्या एका डेंटल लॅबमध्ये काम करतो, बावीस वर्षं झाली. भयकथांचा जाणकार वगैरे नाही. पण इतो आमच्या धंद्यातला माणूस, म्हणून त्याचं मिळेल ते वाचतो. त्याचा जन्म १९६३ चा, गिफू प्रांतातल्या नाकात्सुगावाचा. चित्रांवर पोट भरायच्या आधी हा डेंटल टेक्निशियन होता. १९८७ साली 'तोमिए' नावाची कथा त्यानं 'हॅलोविन' मासिकाच्या स्पर्धेला पाठवली. परीक्षकांत काझुओ उमेझू, म्हणजे जपानी भय-मांगातला बाप माणूस. तिथे तिची दखल घेतली गेली आणि गाडी सुरू झाली.

आता आमचं काम काय असतं ते सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

डॉक्टरकडून माप येतं. त्यात स्टोन, म्हणजे कडक प्लास्टर ओतायचा, जबड्याचा साचा तयार. ज्या दातावर कॅप बसवायची त्यावर मेण चढवायचं आणि बारीक हत्यारांनी कोरायचं. खालची पहिली दाढ घ्या. तिला पाच टेकाडं, दोन आतल्या बाजूला, तीन गालाच्या बाजूला, आणि मधे घळी. ती घळ केसभर चुकली तरी पेशंट म्हणतो चावताना लागून राहिलं. सकाळी नऊला बसलो की दुपारपर्यंत मान वर होत नाही. आता मिलिंग मशीन आलं, झिरकोनिया मशीनच कापतं, पण हात मेणावरच तयार होतो.

इतोची रेघ बघा. धुरात, केसात, मातीच्या भांड्यात, एकावर एक बारीक रेघा, कुठेही घाई नाही. तिसऱ्या प्रकरणात अझामीच्या कपाळावरचा तो चंद्रकोरीएवढा व्रण हळूहळू आत वळायला लागतो. ते चित्र मी भिंगाखाली धरून पाहिलं. कडेपासून मध्यापर्यंत प्रत्येक रेघ आधीच्या रेघेचा हिशेब ठेवून काढली आहे. दुसरा कोणी असता तर मधे काळा रंग ओतून मोकळा झाला असता. हा माणूस अशक्य गोष्ट काढतो, पण काम मोजमापाचं करतो. भीती तिथे आहे. डोकं म्हणतं असं होत नाही, डोळे म्हणतात अरे हे तर कोणीतरी बघून काढलंय.

आणि पान उलटायची वेळ त्याला बरोबर कळते. टबाच्या त्या प्रसंगात झाकण उघडेपर्यंत लहान लहान चौकटी. पान उलटलं की समोर अख्खं चित्र. तुम्ही स्वतःच्या हातानं झाकण उघडलेलं असतं. म्हणून मी म्हणतो, हे फोनवर वाचण्यात मजा नाही. तिथे बोट सरकवता, झाकण उघडत नाही.

आता कच्चं. ते पण आमच्याच धंद्यातलं आहे.

टेक्निशियनला पेशंट दिसत नाही. बावीस वर्षांत मी हजारो तोंडं बनवली असतील, चेहरा एकाचाही पाहिला नाही. पाकिटावर नाव, वय, दाताचा नंबर, रंगाची शेड ए-टू. बस. जबड्यावरून मी सांगतो की हा माणूस झोपेत दात खातो, ही बाई एकाच बाजूनं चावते. पण तो रागीट आहे का, तिला हसू येतं का, मला काय माहीत? इतोची माणसं अशीच पाकिटावरची आहेत. किरिएकडेच बघा. मैत्रीण डोळ्यांसमोर स्वतःच्याच कपाळात गडप होते, वर्गातला पोरगा गोगलगाय होतो, आणि पुढच्या प्रकरणात ही परत दप्तर घेऊन शाळेत. रडत नाही, भांडत नाही, झोप उडाली म्हणत नाही. तिचा स्वभाव काय असं कोणी मला विचारलं तर मी सांगू शकत नाही. तिचे डोळे, केस, गणवेश मात्र हुबेहूब सांगेन.

याला अर्धं कारण छापण्याच्या पद्धतीचंही आहे. हे १९९८-९९ मध्ये 'बिग कॉमिक स्पिरिट्स' या साप्ताहिकात क्रमशः आलं. ते मोठ्या माणसांचं साप्ताहिक, शाळकरी पोरांचं नाही, हे भाऊंनी लक्षात घ्यावं. क्रमशः म्हटलं की दर प्रकरणाला नवा माणूस, नवं वेटोळं, नवा झटका पाहिजे. अंकात वाचणाऱ्याला किरिए मागच्या वेळेस काय भोगून आली हे अर्धवटच आठवतं. तुम्ही ते दोन रात्रीत सलग वाचलं, म्हणून तिचा निगरगट्टपणा डोळ्यात आला. रोज एकच प्रकरण वाचून बघा, फरक पडतो.

हसण्याबद्दल. आमच्याकडे एक नवीन पोट्टा कामाला लागला होता. पहिल्याच आठवड्यात रात्री उशिरा एकटा होता. आर्टिक्युलेटरवर, म्हणजे जबड्यासारख्या उघडझाप होणाऱ्या सांगाड्यावर चढवलेली पूर्ण कवळी टेबलावर, लाल मेणाच्या हिरड्या, अठ्ठावीस दात, वर-खाली उघडी. लाईट गेली, मोबाईलचा टॉर्च मारला तर ती त्याच्याकडे बघून हसत होती. बाहेर पळाला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगताना तोच पोट धरून हसत होता. भाऊ, कवळी तीच. स्प्रिंगवालं मढं इतोनं टबाइतक्याच गंभीरपणे काढलं आहे, एक रेघ कमी नाही. टबाच्या वेळी तुमच्या मनाला पळायला जागा नव्हती, स्प्रिंगच्या वेळी सापडली. ते प्रकरण मला पण कमजोरच वाटतं, पण तुम्ही हसलात म्हणून नाही. तिथे वेटोळं ओढूनताणून आणलं आहे म्हणून. स्प्रिंग गोल असते, घाला आत! डासांच्या प्रकरणाचंही तेच. डास गोल घिरट्या घालतात इथपर्यंत ठीक, पुढे त्या आकाराचा गोष्टीशी संबंध उरत नाही.

इतवारीवाल्या भाऊंशी मात्र माझं जमत नाही. आपण नारायण धारपांच्या भयकथा वाचून मोठे झालो. तिथे प्रकरण कितीही हाताबाहेर गेलं तरी त्यांचा नायक समर्थ येणार, त्याला सगळं ठाऊक असणार. वाचताना आपण घाबरतो, पण पैज जिंकलेलीच असते. इतो तो दरवाजाच काढून टाकतो. शेवटच्या भागात गावाच्या जुन्या लाकडी चाळी बघा. वादळांत पक्की घरं पडतात, फक्त या चाळी टिकतात. लोक त्यात कोंबले जातात, जागा पुरत नाही म्हणून एक खोली दुसरीला जोडत जातात, आणि जोडता जोडता अख्ख्या गावाचं वेटोळं तयार होतं. कोणी शाप दिला म्हणून नाही. निवारा पाहिजे म्हणून, स्वतःच्या हातांनी. एकाही गल्लीतून बाहेर जाता येत नाही. मारबत न्यायला गावाबाहेर नावाची जागाच शिल्लक नाही.

भाऊ, मुलीला द्या. पण सुटं प्रकरण शेवटीच वाच म्हणावं.

---

सांबारवडी

दातवाल्या दादांचं बरंचसं पटलं, पण किरिएला तुम्ही पाकिटावरची म्हणता ते नाही पटलं. तिच्या केसांचं प्रकरण आठवा. केस आपोआप वळतात, फुगतात, लोकांना भुलवतात, आणि ती वाळत जाते कारण सगळी शक्ती केस खातात. कापायला गेलं तर केस तिचाच गळा आवळतात. माझे केस कुरळे आहेत. शाळेपासून प्रत्येक लग्नात कोणी ना कोणी काकू हात लावून बघते, सरळ करून घे म्हणते. ते प्रकरण वाचताना मला किरिएचा स्वभाव वेगळा सांगावा लागला नाही. बघणाऱ्यांसाठी ती फक्त केस झाली आहे, हे एवढं कळलं. तिला कोरं ठेवलंय म्हणूनच आपण तिच्यात शिरतो, असं मला वाटतं.

पण दवाखान्यातलं गरोदर बायकांचं प्रकरण मात्र मला लेखकाच्या पदरात टाकायचं आहे, गुण म्हणून नाही. बायका रात्री उठून हातानं चालवायच्या ड्रिलनं लोकांचं रक्त काढून पितात. पुढच्या भागात जन्मलेली बाळं परत पोटात जायचं म्हणतात. दुसरी कल्पना भयंकर आहे, विचार करण्यासारखी आहे. पहिली नुसती किळस. मी सातव्या महिन्यात वाचलं, नवऱ्यानं हातातून ओढून घेतलं. बाळंतपणानंतर परत वाचलं तेव्हा भीती नाही वाटली, राग आला. आई होणारी बाई म्हणजे रक्त पिणारी, एवढंच सुचलं का? घरच्या माणसांनी, शेजाऱ्यांनी तिच्यावर लादलेलं काही नाही, तिची स्वतःची भीती नाही. शुइचीच्या आईला त्यानं किती जपून काढलंय! ती मला अजून स्वप्नात दिसते. त्याच माणसानं हे काढलं यावर विश्वास बसत नाही.

मुलीला द्यायला हरकत नाही. ती दोन प्रकरणं वाचून झाल्यावर एकदा तिच्याशी बोला, एवढंच.

---

रात्रपाळी

याच्या ॲनिमेचा, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेचा विषय कोणी काढला नाही अजून? २०२४ चा, चार भागांचा, काळा-पांढरा. पहिला भाग बघितला तेव्हा वाटलं रेघ न् रेघ हलायला लागली. कॉलिन स्टेट्सनचं संगीत तर असं की हेडफोन काढून मागे बघितलं. दुसऱ्या भागापासून चित्रं अशी ढेपाळली की पात्रं चालताना कठपुतळ्या वाटतात. वर सगळी प्रकरणं एकमेकांत कोंबली आहेत. पहिला भाग बघा, थांबा.

मला वाटतं मेणाचा दात म्हणतात तेच कारण. ही भीती थांबलेल्या चित्रातच आहे. हलवलं की निम्मी जाते.

---

इतवारीचा

दातवाले भाऊ, चाळीचा मुद्दा मानला. मी तो भाग झोपेत वाचला असेल. परत वाचतो. पण आळस म्हणालो ते मागे घेत नाही, डासांपुरतं तरी.

आणि डासांवरून आठवलं, गोल अगरबत्तीचा शोध जपान्यांचाच नं? म्हणजे आपण सगळे लहानपणापासून उशाशी उझुमाकी पेटवून झोपून राहिलो.

---

मेणाचा दात

हो, त्यांचाच. आधी सरळ कांडी होती, तासाभरात संपायची. गोल वळवली तर रात्रभर पुरते, म्हणून वळवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आली. बघा, तिथेही कोणी शाप दिला नव्हता. जागा वाचवायला गेले आणि वेटोळं झालं.

ताई, गरोदर बायकांबद्दल तुमचं बरोबर आहे. मी ते प्रकरण नुसतं ड्रिल बघून वाचलं होतं. हातचं ड्रिल काढायला किती कठीण, याचंच कौतुक करत होतो. बाई दिसलीच नाही. म्हटलं नं, आम्हाला पेशंट दिसत नाही.

किरिएच्या केसांवर मात्र विचार करून राहिलो आहे. अजून पटलं नाही.

---

खामल्याचा बाप

सगळ्यांचे आभार. काल वाढदिवस झाला. पुस्तक दिलं.

इतवारीच्या भाऊंचा अंदाज बरोबर निघाला. तिनं आधीच वाचलं होतं, दहावीत असताना. वेष्टन काढल्या काढल्या म्हणाली, बाबा, याच्यात तुमचं मेट्रोचं तिकीट खूण म्हणून राहिलंय. पकडला गेलो. मग रात्री जेवणानंतर दोघं त्याच कूलरसमोर बसलो. मी ताईंनी सांगितलं तसं त्या दवाखान्याच्या प्रकरणाबद्दल विचारलं. तिनं खांदे उडवले, ते तिला बोअर झालं होतं. स्प्रिंगवालं प्रकरण तिलाही विनोदीच वाटतं. म्हणाली, ते विनोदीच आहे, तुम्हाला काय वाटलं?

मी विचारलं, मग तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली? टबाची? गोगलगायींची?

तर म्हणाली, शुइची पहिल्याच प्रकरणात किरिएला म्हणतो चल, आपण हे गाव सोडून जाऊ. ती ऐकत नाही. मी म्हटलं त्यात भीती काय? तर म्हणे, बाबा, सगळ्या गावात त्यालाच का कळतं ते बघा नं. तो रोज आगगाडीनं शेजारच्या शहरात शाळेला जातो. संध्याकाळी परत येतो तेव्हा त्याला गाव फिरताना दिसतं. बाकीचे आतच असतात, त्यांना कसं कळणार?

हे मला दोन रात्री वाचून दिसलं नव्हतं. तुम्हा कोणालाही दिसलं नाही, माफ करा.

मी गप्प बसलो होतो. कूलरचं पाणी संपलं होतं, ते भरायला उठलो. तेवढ्यात ती मागून म्हणाली की पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म भरलाय, आईला माहीत आहे, तुम्हाला आज सांगणार होते.

---

मेणाचा दात

पोट्टीला सांगा, आगगाडीचा मुद्दा माझ्याकडून मानला. पंधरा वर्षांत मला सुचला नव्हता.

आणि पुस्तक ती पुण्याला घेऊन जाईल, तुम्ही स्वतःसाठी आणखी एक मागवा. यावेळी उजवीकडून उघडा.